बंदरातील खोळंबा

जहाज धक्क्याला लागले, दोर बांधले गेले, शिडी खाली सोडली, की ते आता थांबले असे आपण काठावरची माणसे समजतो. खरे म्हणजे त्याचे मोठे इंजिन तेवढे बंद झालेले असते. जहाज हे एक तरंगते गावच आहे. त्याला दिवे लागतात, पंप लागतात, खलाशांच्या स्वयंपाकघराला वीज लागते. नाशिकची द्राक्षे किंवा गोठवलेली कोळंबी भरलेल्या शीतपेट्या वर चढल्या, तर त्यांची यंत्रे फार वेळ बंद ठेवून चालत नाही. एवढ्या सगळ्यासाठी जहाजाच्या पोटातली धाकटी इंजिने रात्रंदिवस चालू राहतात. ती तेल जाळतात, आणि त्यांचा धूर खाडीवरून गावात शिरतो.

आता बंदराच्या फाटकाबाहेर या. तिथे ट्रेलरांची रांग लागलेली दिसेल. पुढचा चार हात सरकला की मागच्याने सरकायचे. एवढ्याशा सरकण्यासाठी दर वेळी इंजिन बंद करून पुन्हा चालू कोण करणार? ते चालूच राहते. आणि आत यार्डात पाहाल, तर आलेल्या पेट्या एकीवर एक रचलेल्या आहेत. कुणाचा कागद आलेला नाही, कुणाची तपासणी व्हायची आहे, कुणाचा ट्रक यायचा आहे.

जहाज, ट्रक आणि पेटी. या तिघांच्या मागे लागलेले दुखणे एकच आहे, आणि त्याला आपल्या भाषेत फार चांगला शब्द आहे : खोळंबा.

बंदर कार्यक्षम करणे हे व्यापाऱ्यांचे काम आणि बंदर स्वच्छ ठेवणे हे निसर्गप्रेमी मंडळींचे काम, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. पहिले साधायचे तर दुसऱ्याकडे थोडी डोळेझाक करावी लागते, असेही पुष्कळांना वाटते. मला या समजुतीविषयीच आज बोलायचे आहे. माझे म्हणणे असे, की बंदरातल्या धुराचा बराच मोठा वाटा खोळंब्याचा आहे, आणि तेवढ्यापुरती ही दोन्ही कामे एकच आहेत. परंतु काही गोष्टी अशाही आहेत, की ज्या कार्यक्षमतेच्या हिशेबात बसतच नाहीत. त्यांचे काय करायचे, हे मात्र आपल्याला वेगळे ठरवावे लागेल.

थोडे मागे जाऊन पाहू. मुंबईत प्रिन्सेस डॉक १८८० साली झाला, आणि आज ज्याला आपण इंदिरा गोदी म्हणतो तो अलेक्झांड्रा डॉक १९१४ साली. त्या काळी आणि पुढेही कितीतरी वर्षे माल येई तो गोण्यांत, पिंपांत, खोक्यांत, गासड्यांत. एकेक नग हमालाच्या पाठीवरून नाहीतर यारीच्या जाळ्यातून खाली उतरे. एक जहाज रिकामे व्हायला कित्येक दिवस लागत. जहाजाच्या आयुष्यातला मोठा काळ समुद्रावर न जाता धक्क्यावरच जाई.

२६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेत ‘आयडियल-एक्स’ नावाचे एक जहाज ५८ लोखंडी पेट्या घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला निघाले. ही कल्पना माल्कम मॅक्लीन या मूळच्या ट्रक-व्यावसायिकाची. जहाजावर सुटा माल चढवायला त्या वेळी टनामागे ५ डॉलर ८६ सेंट खर्च येई. पेटीतून चढवायला १६ सेंटही पडले नाहीत, असा हिशेब तेव्हा निघाला. पेटी म्हणजे नवे यंत्र नव्हते. तिने साधले ते एवढेच, की माल एकदा भरावा, आणि तो पुन्हा न उघडता, न हाताळता जहाजावरून ट्रकवर आणि ट्रकवरून रेल्वेवर जावा.

आपल्याकडे मुंबईच्या जुन्या गोद्यांना वाढायला जागा उरली नव्हती. म्हणून खाडीपलीकडे उरण तालुक्यात न्हावा शेव्याचे जवाहरलाल नेहरू बंदर उभारले गेले. २६ मे १९८९ रोजी ते सुरू झाले. आज देशातल्या पेट्यांच्या व्यापारात ते अग्रभागी आहे. २०२४-२५ या एका वर्षात तिथून वीस फुटी मापाच्या हिशेबाने सुमारे ७३ लाख पेट्यांची ये-जा झाली. जहाजेही आता पूर्वीसारखी अडकून पडत नाहीत. जागतिक बँकेच्या २०२३ च्या अहवालात भारतीय बंदरांतला जहाजाचा सरासरी मुक्काम ०.९ दिवस, म्हणजे एका दिवसाहूनही कमी धरलेला आहे.

मग खोळंबा संपला म्हणायचा का? नाही. त्याने जागा बदलली. पाण्यावरचे काम झपाट्याने होऊ लागले, आणि जमिनीवर तुंबारा झाला. नळाची धार मोठी केली आणि मोरीचे भोक तेवढेच ठेवले, तर काय होते ते आपण घरी पाहतोच! एका मोठ्या जहाजातून काही तासांत हजारो पेट्या उतरतात. त्या वाहून न्यायला हजारो ट्रेलर लागतात, आणि ते सगळे त्याच दोन-चार रस्त्यांनी येतात.

तेव्हा एकेक खोळंबा घेऊन त्यावर काय उपाय होतो ते पाहू.

पहिला जहाजाचा. धक्क्याला लागण्याआधीही त्याचा एक खोळंबा होतो, आणि तो मोठा गमतीचा आहे. समजा, एक जहाज भर वेगाने तेल जाळीत आले. बंदरात पोहोचल्यावर कळले, की धक्का रिकामा नाही. मग नांगर टाकून बाहेर थांबायचे. रेल्वेचे फाटक बंद आहे हे ठाऊक असताना फाटकापर्यंत मोटार दामटण्यासारखेच हे झाले. जहाजाला लागणारी शक्ती साधारणपणे वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणून वेग दहा टक्क्यांनी कमी केला, तर तेवढेच अंतर कापायला इंधन सुमारे एक-पंचमांशाने कमी लागते. धक्का कधी रिकामा होणार हे बंदराने दोन दिवस आधी नक्की कळवले आणि जहाज बेताबेताने आले, तर कोणाचाही वेळ न दवडता तेल वाचते. यासाठी लागते ती विश्वासाने दिलेली बातमी, आणि कराराची अशी कलमे, की जी आधी येऊन रांगेत उभे राहणाऱ्याला बक्षीस देणार नाहीत.

धक्क्यावर उभ्या असलेल्या जहाजाच्या धुराला उपाय आहे तो काठावरून वीज देण्याचा. जाड तारा जहाजाला जोडायच्या आणि त्याची धाकटी इंजिने बंद करायची. लॉस एंजेलिसच्या बंदरात २००४ मध्ये पेट्यांच्या जहाजांसाठी ही सोय झाली. पुढे कॅलिफोर्निया राज्याने नियमच केला, आणि २०१४ पासून तिथे नियमित येणाऱ्या जहाजांना तो टप्प्याटप्प्याने लागू केला. आपल्याकडे एक अडचण अशी, की बहुतेक मोठ्या जहाजांवरची वीज सेकंदाला ६० आवर्तनांची असते आणि आपल्या तारांतली ५० आवर्तनांची. मध्ये बदल करणारे यंत्र बसवावे लागते, आणि ते स्वस्त नसते. केंद्र सरकारने २०२३ च्या मे महिन्यात ‘हरित सागर’ नावाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांत काठावरच्या विजेवर भर आहे. शिवाय मालाच्या दर टनामागे होणारे कार्बनचे उत्सर्जन २०३० पर्यंत ३० टक्क्यांनी आणि २०४७ पर्यंत ७० टक्क्यांनी घटवण्याचे उद्दिष्ट त्यांत ठरवलेले आहे.

इथे कोणी चटकन म्हणेल, “अहो, पण ती वीज कोळशाचीच ना? इथला धूर तिथे नेला, एवढेच!” शंका रास्त आहे. बरीच वीज आजही कोळशाची आहे. पण एका मोठ्या धुराड्यावर नजर ठेवणे सोपे. शंभर जहाजांच्या शंभर धुराड्यांवर ठेवणे कठीण. शिवाय वीज सूर्यावर आणि वाऱ्यावर होऊ लागली, की त्याच तारांतून ती जहाजाला मिळते. जहाजाच्या तेलातही सुधारणा झाली आहे. १ जानेवारी २०२० पासून जगभर जहाजी इंधनातल्या गंधकाची मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आणली गेली.

दुसरा खोळंबा पेटीचा. ट्रंकेच्या तळाशी ठेवलेले पातळ काढायचे, तर वरचे सगळे कपडे उपसावे लागतात. यार्डातही तसेच. पेटी जितके दिवस पडून राहते, तितकी तिच्यावर दुसऱ्या पेट्यांची चळत चढते. मग ती काढायला यारीने वरच्या चार पेट्या हलवायच्या, आणि त्या प्रत्येक हलवण्याला इंधन लागते. न्हावा शेव्यात यार्डातल्या डिझेलच्या यारी विजेवर आणल्या गेल्या, हे चांगलेच झाले. पण न केलेली उचल ही सर्वांत स्वच्छ उचल. यासाठीच कागदपत्रे जहाज येण्याआधी पुरी करून पेटी धक्क्यावरून सरळ मालकाच्या दारी न्यायची, अशी पद्धत तिथे २०१६ च्या सुमारास रुजू लागली. एक कागद वेळेवर सही झाला तर कुठेतरी डिझेल वाचते, असे सांगितले तर कारकुनाला हसू येईल. पण ते अक्षरशः खरे आहे.

तिसरा खोळंबा ट्रकचा. त्यात दोन दोष आहेत. एक, सगळे एकाच वेळी येतात. दोन, पुष्कळ ट्रक एका बाजूने रिकामे धावतात. पेटी पोहोचवून रिकामा परतणारा ट्रेलर आणि पेटी न्यायला रिकामा येणारा ट्रेलर एकमेकांना रस्त्यात भेटतात, आणि दोघेही डिझेल जाळीत असतात. यावर उपाय फारसे अवघड नाहीत. दवाखान्यात नंबर लावतात तसा फाटकावर वेळ ठरवून द्यायचा. रांग रस्त्यावर न लावता गाड्यांना थांबायला वेगळी मोठी जागा द्यायची. आणलेली पेटी उतरवून दुसरी भरूनच गाडी बाहेर पडेल, असे जुळवून आणायचे. विजेवरच्या अवजड गाड्याही येऊ लागल्या आहेत. २०२५ च्या सप्टेंबरात न्हावा शेव्यात बॅटरी बदलून चालणाऱ्या अशा ट्रकांचा ताफा सुरू झाला. बंदराभोवतीच्या ठराविक, लहान फेऱ्यांना या गाड्या फार सोयीच्या.

मात्र रांगेत उभ्या असलेल्या विजेच्या ट्रकाने धूर सोडला नाही, तरी त्याच्या चालकाचा दिवस फुकट जातोच. चालकाच्या वेळेला किंमत नाही, असे आपण गृहीत धरले आहे. म्हणून तर रांग इतकी वर्षे टिकली! त्याच्या रांगेत गेलेल्या तासांचे पैसे कोणाला तरी मोजावे लागले असते, तर ती कधीच मोडली असती.

आता मोठा उपाय, रेल्वेचा. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फिरते तेव्हा घर्षण फारच कमी होते. म्हणून तोच माल तेवढ्याच अंतरावर न्यायला रेल्वेला ट्रकच्या मानाने कितीतरी कमी इंधन पुरते. मग आपला एवढा माल रस्त्याने का जातो? कारण पुन्हा खोळंबाच. ज्या रुळांवरून उतारूंच्या गाड्या धावतात त्यांच्यावरूनच मालगाडीही जाते. मेल आली की मालगाडी बाजूला उभी. अशा रुळांवर मालगाडीचा सरासरी वेग ताशी २५ किलोमीटरांच्या आसपास राहिला. माल कधी पोहोचेल याची खात्री नसली, की व्यापारी दोन पैसे जास्त मोजून ट्रक करतो. यात त्याला दोष कसा द्यावा?

म्हणून मालगाड्यांसाठी वेगळे रूळ टाकले गेले. पश्चिमेकडचा हा मार्ग उत्तर प्रदेशातल्या दादरीपासून न्हावा शेव्यापर्यंत सुमारे १५०० किलोमीटरांचा. त्यावर विजेच्या तारा मुद्दाम उंच बांधल्या आहेत, कारण खाली पेटीवर पेटी अशा दोन थरांची गाडी जायची असते. ७ जानेवारी २०२१ रोजी रेवाडी ते मदार या टप्प्यावर अशी दीड किलोमीटर लांबीची गाडी विजेच्या इंजिनाने धावली. मार्गाचा बहुतेक भाग वापरात आला. वैतरणा ते न्हावा शेवा हा सुमारे १०२ किलोमीटरांचा तुकडा मात्र सर्वांत मागे राहिला. विहीर खणली, पन्हळ बांधले, आणि विहिरीजवळचेच टोक जोडायचे राहिले, तसा हा प्रकार. ज्या बंदरासाठी मार्ग बांधला ते बंदरच शेवटी जोडायचे, यातून शिकण्यासारखे आहे. बंदराची आखणी धक्क्यापाशी संपत नाही. त्याच्या पाठीमागच्या मुलखापर्यंत ती एका दमात व्हायला हवी.

इथवर सगळे गोड आहे. वेळ वाचवा, तेल वाचेल, हवाही सुधारेल. पण आता दुसऱ्या बाजूला वळले पाहिजे, नाहीतर हे भाषण म्हणजे एखाद्या बंदराची जाहिरात व्हायची.

दर पेटीमागचा धूर कमी झाला म्हणजे एकूण धूर कमी झाला, असे होत नाही. पेट्याच दुप्पट झाल्या तर बचत त्यातच जिरते. शिवाय धूर हा एकच प्रश्न नाही. बंदर जिथे उभे राहते ती जागा कधीच मोकळी नसते. आपण नकाशावर निळा रंग पाहतो. कोळी तिथे जाळे टाकण्याचे ठिकाण पाहतो. तिवरांच्या मुळांत मासळीची पिल्ले वाढतात, चिखलावर पक्षी उतरतात, भरतीचे पाणी ज्या वाटेने आत येते त्या वाटेवर आसपासच्या गावांची कोरडी किंवा ओली घरे अवलंबून असतात. जहाज एका दिवसाऐवजी अर्ध्या दिवसात रिकामे झाले, म्हणून यांतले काहीच परत येत नाही.

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलीजिया ३’ ही दोन जहाजे एकमेकांवर आदळली. शेकडो टन तेल समुद्रात गेले, पेट्या पाण्यात पडल्या, दोन्ही बंदरे काही दिवस बंद राहिली. बंदरे थोड्याच दिवसांत उघडली. तेलाने माखलेली तिवरे आणि मासळी विकेनाशी झालेल्या कोळणी यांना मात्र पुन्हा पूर्ववत व्हायला एवढ्यावर भागले नाही. पुढे २०१५ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने उरण भागातल्या १६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. न्हावा शेव्याच्या विस्तारामुळे त्यांच्या उपजीविकेवर घाला आला, असे त्यात मान्य झाले. बंदर उभारताना उठवलेल्या शेवा कोळीवाड्याच्या नीट पुनर्वसनाचा प्रश्न तर तीन दशकांहून अधिक काळ चालत राहिला. बंदरातल्या तीन खोळंब्यांचा हिशेब आपण तासांत करतो. हा चौथा खोळंबा वर्षांत मोजावा लागतो, आणि तो कोणत्याच तक्त्यात नसतो.

हे सांगायचे कारण आता डहाणूजवळ वाढवणला नवे बंदर होऊ घातले आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२४ च्या जूनमध्ये ७६,२२० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला संमती दिली, आणि ३० ऑगस्टला त्याची पायाभरणी झाली. त्याच्या बाजूने सांगण्यासारखे आहे, आणि ते प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तिथे पाणी मुळातच खोल आहे. आज जी सर्वांत मोठी जहाजे न्हावा शेव्यात भरल्या पोटी येऊ शकत नाहीत ती तिथे येतील. आपला माल कोलंबोसारख्या परक्या बंदरात उतरवून पुन्हा चढवावा लागतो तो फेरा वाचेल, आणि मोठ्या जहाजात दर पेटीमागे इंधन कमी लागते. कार्यक्षमतेच्या दृष्टीने हे सर्व खरे आहे.

दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. बंदरासाठी १४४८ हेक्टर समुद्र भरून काढायचा आहे. डहाणू तालुका १९९१ साली पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झालेला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तिथे खास प्राधिकरण नेमले गेले. त्याने १९९८ साली अशाच बंदराला नकार दिला होता, आणि २०२३ साली त्याच प्राधिकरणाने अटी घालून होकार दिला. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा विरोध या साऱ्या काळात चालू राहिला. आमची मासळी इथे वाढते, ती दुसरीकडे जा म्हटल्याने जाणार नाही, असे त्यांचे म्हणणे आहे.

यात मी न्यायाधीश होऊ इच्छीत नाही. परंतु अर्थव्यवहाराचा विचार करणाऱ्याने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. जी किंमत हिशेबात लिहिली जात नाही, ती नाहीशी होत नाही. दुसरा कोणीतरी ती भरतो. बंदराने पेटीमागे वाचवलेले तेल उजव्या रकान्यात आणि भरून काढलेला समुद्र कोणत्याच रकान्यात नाही, असा जमाखर्च पहिलीतल्या पोरालाही मान्य होणार नाही. म्हणून नवे बंदर होणारच असेल, तर भरपाईचा पैसा आणि पर्यायी व्यवसाय पहिला दगड पाण्यात पडण्याआधी माणसांच्या हातात पडला पाहिजे. पाण्याची आणि मासळीची मोजणी बंदराच्या नोकरांनी न करता बाहेरच्या जाणकारांनी दरवर्षी करावी, आणि ती मराठीत छापून गावच्या चावडीवर लावावी. आणि जिथे जुन्या बंदरातला खोळंबा दूर करून भागते, तिथे नवा समुद्र भरायचा नाही, हा नियम असावा. न वापरलेली क्षमता रांगेत आणि कागदांत अडकलेली असते. ती सोडवणे हे नवा धक्का बांधण्यापेक्षा स्वस्त आणि स्वच्छ आहे.

आपल्यापैकी बहुतेकांना बंदराशी कधी काम पडत नाही. पण तुमच्या हातातला फोन, स्वयंपाकघरातले सूर्यफुलाचे तेल, मुलाच्या सायकलीचे सुटे भाग यांतले काही ना काही कुठल्या तरी धक्क्यावरून आलेले असते. म्हणून वर्तमानपत्रात बंदराने विक्रम केल्याची बातमी वाचाल, तेव्हा किती पेट्या गेल्या एवढ्यावरच थांबू नका. जहाज किती तास उभे होते, पेटी किती दिवस पडून होती, ट्रकचालक किती वेळ रांगेत होता, हे तीन प्रश्न विचारा. आणि त्यांच्याच जोडीने चौथाही विचारा : ज्यांच्या खाडीवर हे सारे उभे राहिले ती माणसे अजून किती वर्षे थांबायची आहेत? या चारही प्रश्नांची उत्तरे ज्या बंदराच्या अहवालात छापलेली असतील, ते बंदर मी चांगले म्हणेन.